आजचं चिंतन : अहिंसा आणि काकांचं ऑपरेशन

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचा पाठ : गीता, अध्याय तेरावा, श्लोक सातवा. त्यातही फक्त 'अहिंसा' हे एक पद आणि त्यावर माउलींनी केलेला विस्तार.

रोजचं चिंतन मी कंपनीच्या बसमध्ये लिहितो. तासाभराच्या ट्रॅफिकमध्ये एक श्लोक आरामात होतो. पण या एका शब्दावर गेले आठ दिवस अडकून बसलोय, आणि त्याला कारण माझे काका आहेत.

काका फलटणला असतात. आयुष्यभर शाळेत शिकवलं, संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात पखवाज वाजवला. नऊ वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. गोळ्या वळल्यासारखा. पार्किन्सन निघाला. सुरुवातीची काही वर्षं औषधाने छान गेली. आता मात्र गोळीचा असर दोन-अडीच तास टिकतो. गोळी उतरली की शरीर लाकडासारखं होतं, उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात, आणि हाताचा कंप असा की चहाची कपबशी काकू धरतात. पखवाज खुंटीला लागून तीन वर्षं झाली.

डॉक्टरांनी आता डीबीएस नावाचं ऑपरेशन सुचवलंय. घरात मी 'कम्प्युटरवाला', म्हणून समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी चार रात्री जागून वाचलं आणि रविवारी जाऊन सगळं सांगितलं. उत्साहाच्या भरात हा उपचार शोधला कसा गेला तेही सांगून बसलो. माकडांचं नाव निघाल्यावर काका गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन आला.

"तेरावा अध्याय काढ. अहिंसेच्या ओव्या वाच. आणि मग मला सांग, ही वस्तू मी डोक्यात घालून घेऊ का?"

म्हणजे बघा, हा प्रश्न मला कुणी वादविवाद म्हणून विचारलेला नाही. एका माणसाचा हात त्यावर अवलंबून आहे.

आधी ऑपरेशन काय ते थोडक्यात. मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, सबथॅलॅमिक न्यूक्लिअस नावाची मसुराच्या आकाराची एक गाठ असते, काही मिलिमीटरची. पार्किन्सनमध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि ही गाठ नको तितकी बडबड करायला लागते. त्या गोंगाटात हालचालीचे हुकूम अडकतात. डीबीएसमध्ये तिथपर्यंत शेवयांसारख्या बारीक तारा नेतात, कॉलरच्या हाडाखाली पेसमेकरसारखी बॅटरी बसवतात आणि सेकंदाला साधारण 130 वेळा विजेचा हलका ठोका देतात. बऱ्याचदा पेशंट जागा असताना हे करतात, कारण मेंदूला स्वतःला दुखत नाही आणि तार योग्य जागी गेली का हे हाताकडे बघून कळतं. आजार बरा होत नाही. पण कंप, ताठरपणा आणि गोळीचे चढउतार पुष्कळ कमी होऊ शकतात. जगभरात लाखाहून जास्त लोकांच्या मेंदूत आज अशा तारा आहेत.

आता ही जागा सापडली कशी, ते. 1982 साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी पुतळ्यासारखे गोठलेल्या अवस्थेत दवाखान्यात आले. विल्यम लँगस्टन या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माग काढला. चोरून बनवलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ तयार झाली होती, आणि ती नेमक्या डोपामिनच्याच पेशी मारत होती. शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हे रसायन माकडाला दिलं तर त्याला माणसासारखा पार्किन्सन होतो. उंदरांना त्याचा तितका त्रास होत नाही, म्हणून माकडंच लागली.

1990 मध्ये अमेरिकेत बर्गमन, विचमन आणि डिलाँग यांनी अशा आजारी माकडांमध्ये ती मसुराएवढी गाठ निकामी केली आणि माकडं पुन्हा हलू लागली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मँचेस्टरला ॲलन क्रॉसमन यांच्या प्रयोगशाळेत टिपू अझीझ नावाच्या तरुण सर्जनने तेच दाखवलं. 1991 मध्ये ते छापून आलं. हे अझीझ मूळचे आपल्या शेजारचे. 1956 साली तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात त्यांचा जन्म झाला. पुढे ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले, आणि हालचालींचे आजार व जुनाट वेदना यांवर मेंदूची शस्त्रक्रिया करण्यात आयुष्य घालवलं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले.

माकडांवाचून हे झालं नसतं का? मी प्रामाणिकपणे शोधलं. विजेच्या ठोक्याची युक्ती माकडांमुळे मिळालेली नाही. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला आलिम-लुई बेनाबिद यांना 1987 मध्ये ती माणसाच्याच ऑपरेशनमध्ये, थॅलॅमस या भागात सापडली. पण ही गाठ? तिला हात लावायला सर्जन घाबरत होते. पक्षाघाताने तिथे इजा झाली तर समोरच्या बाजूचे हातपाय अनावरपणे भिरकावले जातात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती भीती माकडांवरच्या कामाने मोडली. 1993 पासून बेनाबिद यांच्या गटाने माणसांमध्ये त्या गाठीला ठोके दिल्याचे निष्कर्ष मांडायला सुरुवात केली. म्हणजे युक्ती माणसाकडून आली आणि जागेचा भरवसा माकडांकडून. काकांच्या डोक्यात तार जाईल ती त्याच जागी.

आता माउलींकडे येतो.

अहिंसा सांगताना माउली सुरुवात गोड बोलून करत नाहीत. आधी लोक अहिंसेच्या नावाखाली काय काय खपवतात, ते दाखवतात. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्याच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालायचं. देऊळ पाडायचं आणि त्याच दगडांनी देवाला आवार बांधायचं. पाऊस पडून जीव वाचावेत म्हणून यज्ञात पशू मारायचा. आणि मग ते सरळ वैद्यकावर येतात. एका जिवाचा रोग हटावा म्हणून दुसऱ्या जिवांची मुळं खणायची, साली सोलायच्या, त्यांना शिजवायचं. ही कसली अहिंसा, असं विचारतात. सातशे वर्षांपूर्वी, झाडाच्या सालीसाठी! इथे तर माकड आहे.

काकांना हे कुठे टोचलं ते मला वाचताक्षणी कळलं.

माझा पहिला प्रतिसाद इंजिनिअरचा होता, हिशेबाचा. हा हिशेब अझीझ यांनी स्वतः मांडलाय. 2006 मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटात त्यांचं बोलणं पीटर सिंगर यांच्याशी झालं. प्राण्यांच्या बाजूने लिहिणाऱ्या तत्त्वज्ञांमध्ये सिंगर यांचं नाव सगळ्यात मोठं. अझीझ म्हणाले की या उपचाराने तोवर 40,000 माणसांना आराम पडलाय आणि त्यासाठी जगभर मिळून अंदाजे 100 माकडं वापरली गेली. सिंगर यांनी कबूल केलं की प्रकरण असं असेल तर तो प्रयोग समर्थनीय ठरतो. वर्तमानपत्रांतून त्याचा बराच गाजावाजा झाला.

मीही सुटलो असं वाटलं. शंभर एका बाजूला, चाळीस हजार दुसऱ्या बाजूला. झालं की!

पण सिंगर यांनी नंतर एक गोष्ट जोडली. असा प्रयोग करणाऱ्यांनी स्वतःला विचारावं, की हाच प्रयोग आपण माकडाइतकीच समज असलेल्या, मेंदूला कायमची इजा झालेल्या माणसावर करायला तयार आहोत का? नसू, तर आपण आकडे मोजत नाही आहोत, आपण आपली जात मोजतोय. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्यात भर पडली अझीझ यांच्या दुसऱ्या कामाची, वेदनेवरच्या. हात किंवा पाय कापल्यानंतरही तो नसलेला अवयव दुखत राहतो, पक्षाघातानंतर अर्धं अंग जळत राहतं, आणि कुठलंच औषध लागू पडत नाही, अशा लोकांच्या मेंदूत त्यांच्या गटाने तारा बसवल्या. काही जणांमध्ये त्यांनी अँटिरिअर सिंग्युलेट या भागाला ठोके दिले. तिथे एक विलक्षण गोष्ट दिसली. काही पेशंट सांगायचे, दुखणं आहे, पण आता ते मला छळत नाही. म्हणजे दुखणं वेगळं आणि दुःख वेगळं. गीतेच्या सहाव्या अध्यायात योगाची व्याख्या दुःखाशी असलेला संयोग सुटणं अशी येते, तेव्हा मी ती फक्त कवितेसारखी वाचायचो. इथे तो सांधा मेंदूत दाखवता येतोय.

पण हा सांधा माकडाच्या मेंदूतही आहे! आणि इथे माझा हिशेब कोसळला. माकडाचा मेंदू आपल्यासारखा आहे म्हणून प्रयोग उपयोगी पडतो. तो आपल्यासारखा आहे म्हणूनच त्याला होणारं दुःखही आपल्यासारखं असणार. प्रयोगाचं समर्थन आणि प्रयोगाचा दोष, दोन्ही एकाच कारणातून निघतात. एक हवं आणि दुसरं नको, असं म्हणता येत नाही.

मग काकांना 'नको' सांगायचं?

तसंही मला सांगता येईना, कारण मी गोळीचा इतिहास वाचला. 1957 च्या सुमारास स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेझरपिन दिलं. हे रेझरपिन आपल्या सर्पगंधेच्या मुळातून निघतं. (माउलींनी मुळं खणण्याबद्दल जे म्हटलंय ते इथे आठवलं की अंगावर काटा येतो.) ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचलं आणि ते उठून बसले. त्या मार्गाने पुढे पार्किन्सनची गोळी आली आणि 2000 साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. काका नऊ वर्षं दिवसातून चार-पाच वेळा ती गोळी घेतायत. काकूंच्या बीपीची गोळी, माझ्या मुलीची लस, सगळ्यांच्या मागे कुठेतरी कुठला तरी प्राणी आहे. आम्हाला तो दिसला नव्हता इतकंच. लॉगमध्ये एरर दिसत नाही म्हणजे एरर नाही, असं समजणारा ज्युनिअर असतो ना, तसे आम्ही.

इथे मला श्लोकाचा क्रम दिसला, जो इतकी वर्षं पाठ म्हणूनही दिसला नव्हता. अमानित्व, अदंभित्व, आणि मग अहिंसा. अदंभित्व आधी आहे! दंभ सोडल्याशिवाय अहिंसेच्या दारात पाऊल पडत नाही. रोज सकाळी ती गोळी घ्यायची आणि संध्याकाळी त्या शास्त्रज्ञाला कसाई म्हणायचं, हा दंभ. आणि 'विज्ञानासाठी केलं म्हणजे ती हिंसाच नव्हे' असं म्हणायचं, हाही दंभच. माउलींचा रोख मला आता असा वाटतो, की हिंसेला अहिंसा असं नाव देऊ नका. त्यांनी रोग्याला मरू द्या म्हटलेलं नाही. त्यांनी नावाची लबाडी पकडली आहे.

अझीझ यांचा एक गुण मला इथे मान्य करावासा वाटतो. ऑक्सफर्डमध्ये प्राण्यांच्या नव्या प्रयोगशाळेवरून त्या काळात मोठं आंदोलन चालू होतं, धमक्या चालू होत्या, आणि बहुतेक शास्त्रज्ञ नाव लपवून होते. 25 फेब्रुवारी 2006 ला सोळा वर्षांच्या एका मुलाने सुरू केलेल्या संघटनेने प्रयोगांच्या बाजूने मोर्चा काढला, तेव्हा हे त्यात उभं राहून बोलले. मी हे करतो, यासाठी करतो, असं आपल्या नावानिशी सांगितलं. त्यांचं उत्तर पटो न पटो, त्यांनी झाकलं मात्र नाही.

आता गीतेचाच अठरावा अध्याय, 48 वा श्लोक. अग्नीबरोबर धूर असतो तसा प्रत्येक कर्माबरोबर दोष असतो, म्हणून आपल्या वाट्याचं कर्म टाकू नये. हा श्लोक फार सोयीचा आहे, आणि म्हणून मला त्याची भीती वाटते. यावर कोणीही काहीही खपवेल. त्याला लगाम हवा. तो मला आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात सापडला.

स्मृतिग्रंथांत 'पंचसूना' सांगितल्या आहेत. सूना म्हणजे खाटीकखाना. गृहस्थाच्या घरात असे पाच असतात : चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. रोज यांत बारीक जीव मरतात. गंमत बघा, शास्त्र असं म्हणत नाही की हे नकळत होतं, सोडून द्या. स्वयंपाकघराला सरळ खाटीकखाना म्हणतं. चूल विझवा असंही म्हणत नाही. म्हणतं, हे ऋण आहे, रोज फेडा. म्हणून पंचमहायज्ञ, म्हणून जेवायच्या आधी भूतांचा वाटा, गाईचा घास, कावळ्याचा घास. आजी पानाबाहेर घास काढायची तेव्हा ती पुण्य कमवत नव्हती, हप्ता भरत होती.

यात एक फट आहे, ती लपवत नाही. चुलीत मुंगी चुकून मरते. माकडाला एमपीटीपी चुकून दिलं जात नाही. ठरवून, त्याला विचारता येत नसताना, आजारी पाडलं जातं. त्यामुळे प्रयोग करणाऱ्याला पंचसूनेची ढाल घेता येणार नाही. त्याने सिंगर यांच्या प्रश्नाला स्वतः उत्तर द्यावं. पण जो फक्त घेणारा आहे, ज्याच्यापर्यंत हे फळ तीस वर्षांनी पोचतंय, त्याच्यासाठी पंचसूनेची वाट मला खरी वाटते. माझ्या 'नाही' म्हणण्याने ती शंभर माकडं परत येणार नाहीत. माझ्या 'हो' म्हणण्याने मात्र मी त्यांचा देणेकरी होतो.

आणि देणं फेडता येतं. रसेल आणि बर्च या दोघांनी 1959 मध्ये तीन गोष्टी सांगितल्या : प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता येत असेल तर तेच वापरा, कमीत कमी प्राणी वापरा, आणि त्यांचा त्रास कमीत कमी ठेवा. आपल्याकडे 1960 च्या कायद्याखाली नेमलेल्या समितीने चौथी जोडली : प्रयोग संपल्यावर त्या प्राण्याचं पुनर्वसन करा. हा चौथा नियम वाचून मला बरं वाटलं. हा गाईच्या घासाच्या घराण्यातला आहे. आपण कोड लिहिणारी माणसं प्राण्याऐवजी चालणारी मॉडेल्स बांधण्यात हात लावू शकतो, हेही त्यातलंच. निदान मी ते आता मनावर घेतलंय.

शेवटी, माउलींचा प्रसंग जिथे संपतो तिथे गेलो. अहिंसक माणूस चालतो कसा, बोलतो कसा, बघतो कसा, हे सांगत सांगत ते हातांवर येतात. असे हात एरवी नुसते स्वस्थ असतात. उचललेच तर नमस्काराला, घाबरलेल्याला अभय द्यायला, पडलेल्याला सावरायला, किंवा पीडलेल्याला हलकेच स्पर्श करायला.

रविवारी परत फलटणला गेलो. हे सगळं काकांना सांगितलं. मध्येच गोळी उतरली, हात थडथडायला लागला, पण त्यांनी थांबवलं नाही. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे पाप नाही, असं नाही म्हणत तू."

"नाही काका. उधारी आहे, असं म्हणतोय."

"मग सहावी सूना धर ती."

थोड्या वेळाने काकूंना म्हणाले, कार्तिकीनंतरची तारीख घ्यायला सांग. मग खिडकीतून मळ्याकडे बघत बसले. आमच्या डाळिंबात वानरं येतात. काकांची गोफण अजून पडवीत टांगलेली आहे, हात चालायचा तोवर नेम अचूक होता.

"ती काढून टाक," मला म्हणाले. "हात परत मिळाला तर तो त्यांच्याकडूनच मिळालेला असणार. त्यांच्यावरच कसा उगारू? बांधाकडची दोन ओळी झाडं त्यांची."

मी गोफण काढली. ऑपरेशन कसं होईल माहीत नाही. पखवाज पुन्हा वाजेल का, हेही नाही. पण अहिंसेच्या ओवीचा अर्थ मला आठ दिवस पुस्तकात सापडत नव्हता, तो पडवीतल्या खुंटीवर होता.

आज जेवायला बसाल तेव्हा एक घास बाजूला काढताना, आपल्या घरातल्या गोळ्यांच्या डब्याचीही आठवण ठेवा, एवढीच विनंती. माझं काही चुकलं असेल तर माउलींनी पोटात घालावं, आणि तुम्ही कान धरून सांगावं.

उद्या पुढचं पद, क्षांती.

॥ राम कृष्ण हरी ॥